डोळा

स्कूटरच्या पुढच्या चाकात चार महिने
कुणीतरी सुपारी कातरत होतं.
दस्तगीर म्हणाला, बेअरिंग गेलंय, तासभर लागेल,
आणि हातातल्या पान्यानेच दाखवलं
शेजारचं दुकान: तिथं बसा, सावली हाय.

शहापूरची गल्ली. मागच्या घरांतून माग चाललेले,
खटाक खट, खटाक खट,
कुणी एकच वाक्य म्हणत राहावं
आणि ते नऊवारीएवढं लांब असावं, तसे.

दुकान म्हणजे अर्धं वर गेलेलं शटर.
वाकून आत शिरलो
तर भिंतीवर सगळं फुटलेलं
आणि सगळं जागच्या जागी.
कपांच्या कानांची वेल.
बशीच्या निळ्या काठाचा ओढा.
न्हाणीतल्या गुलाबी फरशीची म्हैस.
म्हैस गुलाबी का, हे विचारायचं राहूनच गेलं.

भरमाण्णा पोत्यावर बसून पकडीने तुकडे चावत होता,
म्हणजे पकड चावत होती, तो ओठ हलवत होता.
तीस वर्षं त्याने लोकांच्या घरातली मोझॅक फरशी घासली,
मशीनमागे घोटाभर पांढऱ्या चिखलात उभा राहून.
माणसं त्याला आठवत नाहीत, खोल्या आठवतात:
अनगोळातली दहा बाय बारा,
टिळकवाडीतला तो वळणाचा जिना, जिथं हात भाजला.
"दगडात चित्र आधीच असतंय वो," म्हणाला,
"मी नुस्तं घासून वर आणायचो.
आता गुडघं ऱ्हायले न्हाईत, म्हणून फोडून बघुलालोय."

निंगव्वा डालड्याच्या डब्यांत रंग वेगळे करत होती.
ती मोजायची कन्नडमध्ये, तो भांडायचा मराठीत,
शिव्या दोघांच्या सामायिक.
"मूरु, नाल्कु, ऐदु..."
"अगं तो पिवळा न्हवं, हळदीचा दे!"
आणि तिने न बघता हळदीचा दिला.

कोपऱ्यात एक कोंबडा होता.
बांगड्यांची शेपटी, विटकरीचा तुरा,
छाती अशी फुगवलेली
की फरशीला फरशी लागल्याच्या रेघा दिसेनात.
फक्त डोळ्याच्या जागी सिमेंटचा ओला खळगा.
"डोळा न्हाई व्हय याला?"
"शोधुलालोय. दोन दिवस झाले."
पाटीचा काळा लावून बघितला, उजेड गिळतो.
बांगडीचा काळा लावला, नटवा दिसतो.
बटण लावलं तर निंगव्वा हसली,
आणि ती हसली की चित्र मोडायचं, असा त्यांच्यात करार.

तेवढ्यात बाहेर दस्तगीरने ताटली उपडी केली.
माझ्या चाकातले छर्रे
उतारावरून घरंगळत शटरखाली आले,
तेलकट, झिजलेले, वाटाण्याएवढे.
एक भरमाण्णाच्या गुडघ्याला टेकून थांबला.

त्याने तो उचलला. लुंगीला पुसला.
उजेडाकडे धरला, मग निंगव्वाकडे.
ती हसली नाही.
खळग्यात अंगठ्याने दाबला,
आणि त्या पोलादी ठिपक्यात एकदम
मी, शटर, गल्ली, विजेची तार, दस्तगीरचं ढुंगण,
सगळं उलटं, इवलंसं, नीट बसलेलं.

"मुन्नूर ऐवत्तु," निंगव्वा म्हणाली.
"डोळा माझा हाय की," मी म्हणालो.
तिने विचार केला. "मग मुन्नूर."

वाळायला रात्र लागते म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो,
वर्तमानपत्रात गुंडाळून कोंबडा आणला,
बातम्यांची शाई त्याच्या पंखाला थोडी लागलीय.
स्वयंपाकघरात ठेवलाय. दूध उतू जाताना
त्यालाच आधी दिसतं.

स्कूटर आता आवाज करत नाही.
तरी गोगटे सर्कलच्या वळणावर
मी हात जरा सैल सोडतो,
मान तिरकी करतो,
ऐकतो.